लिहिणाऱ्याचं घर शेवटी

खिरडगावच्या चर्चमध्ये वचनाच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम शांतवन रणभिसे यांच्याकडे आलं, ते त्यांची श्रद्धा मोठी होती म्हणून नव्हे, तर त्यांचं अक्षर चांगलं होतं म्हणून. हे ते स्वतःच सांगत. मिशनच्या हायस्कुलात तेहतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून त्यांचं अक्षर फळ्यावर आणि कागदावर सारखंच गोल, ठळक झालं होतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गाव त्यांना सरच म्हणत होतं. हाताने लिहिणारी माणसं त्या काळात इतकी कमी उरली होती, की गावातल्या पोरांना सरांचा पेन चालताना बघणं हीच एक करमणूक होती.

प्रथा जुनी होती. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना संपली की मंडळीतला प्रत्येक जण पुढे येई आणि पत्र्याच्या एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात हात घालून एक चिठ्ठी काढी. तिच्यावर शास्त्रातलं एक वचन असे. ते त्या माणसाचं त्या वर्षाचं वचन. तिथेच उभं राहून ते मोठ्याने वाचायचं, घरी नेऊन कपाटाच्या दाराला चिकटवायचं आणि वर्षभर जे काही घडेल त्याचा अर्थ त्यातून लावायचा. एकशे सेहेचाळीस माणसं, एकशे सेहेचाळीस चिठ्ठ्या. सर त्या डिसेंबरभर लिहीत, गुंडाळी करून लाल दोऱ्याने बांधत. आणखी एक नियम होता, तो सरांच्या आधीच्या लेखनिकापासून चालत आलेला: लिहिणाऱ्याचं घर शेवटी. चिठ्ठ्या ज्याने बांधल्या त्याला त्या ओळखू येतील, असं कुणाच्या मनात यायला नको, म्हणून सर्वांनी काढून झाल्यावर डब्यात उरलेल्या दोन चिठ्ठ्या सर आणि त्यांच्या पत्नी सुवार्ताबाई घेत.

सरांना या सगळ्याबद्दल नेमकं काय वाटत होतं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सोमवार ते शुक्रवार ते माशाच्या कल्ल्यांपासून माणसाच्या फुप्फुसापर्यंतचा कोट्यवधी वर्षांचा प्रवास शिकवत आले होते आणि रविवारी शब्बाथशाळेत सहा दिवसांच्या उत्पत्तीची गोष्ट सांगत आले होते. दोन्ही त्यांना खरं वाटे. एकाच माणसाने लिहिलेली दोन पत्रं वेगवेगळ्या आवाजांत असू शकतात, असं ते मुलांना सांगत. पण दोन पत्रांतून एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आली तर काय करायचं, हे कधी कुणी विचारलं नव्हतं आणि सर मनातल्या मनात त्याबद्दल आभारी होते.

विचारणारं यंत्र त्या वर्षी आलं.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात ते बसवलं तेव्हा रेशन दुकानातल्या वजनकाट्याएवढं दिसत होतं. लोक त्याला रक्तवाचक म्हणू लागले आणि तेच नाव टिकलं. ते चालवणारी आरोग्य अधिकारी नसीमा शेख ही सरांची जुनी विद्यार्थिनी. तिने ग्रामसभेत ते समजावून सांगितलं, तेव्हा सरांना पुन्हा वर्गात बसल्यासारखं वाटलं.

शरीरातल्या पेशी रोज मरतात आणि मरताना आपल्या जनुकांच्या धाग्याचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. प्रत्येक अवयवाने आपल्या धाग्यावर आपल्या खुणा केलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या तुकड्यावरून तो यकृताचा की फुप्फुसाचा, हे ओळखता येतं. पेशी बिघडू लागली की आधी या खुणा बदलतात. गाठ पुढे दोन वर्षांनी येते, दुखणं त्याच्याही नंतर. यंत्र बोटाच्या चार थेंबांतले लाखो तुकडे दोन तासांत वाचतं आणि बदललेल्या खुणा मोजून पुढच्या चोवीस महिन्यांत काय होण्याचा संभव किती, ते सांगतं. सोनोग्राफीत काही दिसत नाही, कारण दिसण्याजोगं अजून काही नसतंच. मग बदललेल्या खुणांची ती नक्कल पुण्याला जाते आणि तिथे त्या एकाच माणसासाठी लस तयार होते. त्याच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना नेमका तो चोर दाखवून देणारी. मात्र चोर थोडे आहेत तोवरच. वाचनापासून नव्वद दिवसांच्या आत पहिली सुई टोचावी लागते. त्यानंतर पहारेकरी पुरे पडत नाहीत.

सहा महिन्यांत गावाचं बोलणं बदललं. चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना तब्येत विचारायच्या ऐवजी ‘वाचन काय आलं?’ असं विचारू लागली. सोयरीक जुळवताना पत्रिकेसोबत वाचन मागितलं जाऊ लागलं. ज्यांचं स्वच्छ आलं ते पेढे वाटत. ज्यांचं नाही, ते काही दिवस रस्त्याने कडेकडेने चालत.

सुवार्ताबाईंचं वाचन नऊ डिसेंबरला झालं. संध्याकाळी नसीमा स्वतः घरी आली. तेव्हाच सरांच्या लक्षात आलं, कारण चांगली बातमी ती फोनवर देत असे.

स्वादुपिंड, असं तिने सांगितलं. शंभरात सत्त्याण्णव. काकूंना आज काही झालेलं नाही आणि लस वेळेत घेतली तर बहुधा कधीच होणार नाही. नगरच्या मोठ्या रुग्णालयात सहा फेऱ्या, प्रत्येक वेळी दोन दिवस ताप. नऊ मार्चच्या आत सुरुवात करायला हवी.

सुवार्ताबाई नाताळासाठी करंज्यांचं सारण भाजत होत्या. त्यांनी कढई उतरवली नाही. त्या सरांपेक्षा चार वर्षांनी लहान, अंगाने भरल्या आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. अख्खं शास्त्र त्यांनी अकरा वेळा वाचलं होतं आणि सरांनी तीनदा, हे त्या चारचौघांत सांगत.

“मला कुठं दुखत नाही,” त्या म्हणाल्या.

नसीमा म्हणाली, दुखत नाही तोवरच उपाय आहे.

“म्हणजे दुखत नाही म्हणून औषध घ्यायचं. तुमच्या सरांनी असलंच काहीतरी शिकवलं असणार तुला.” मग त्यांनी तिला बशीत गरम सारण दिलं आणि विषय मिटवला. “वर्षाचं वचन येऊ दे. प्रभू काय म्हणतो ते बघू. मग ठरवू.”

नसीमाने सरांकडे बघितलं. सर चष्मा पुसत होते.

त्यानंतरचे तीन आठवडे सरांना झोप लागली नाही. चिठ्ठ्या लिहिताना त्यांचा हात अडखळू लागला. प्रत्येक वचन ते सुवार्ताबाईंच्या डोळ्यांनी वाचू लागले. धीर धरण्याविषयीचं वचन आलं, तर त्या धीर धरून घरी बसतील. दुःख सोसण्याविषयीचं आलं, तर सोसतील. वरच्या घराविषयीचं आलं, तर आवराआवर सुरू करतील. एकशे सेहेचाळिसांत त्यांना उपकेंद्राच्या दारात नेऊन सोडणारी चिठ्ठी किती? सरांनी गणित केलं आणि उत्तर बघून वही मिटली.

मग त्यांनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. एका स्तोत्रात एक जण ठामपणे म्हणतो, की मी मरणार नाही, जगेन आणि प्रभूची कामं सांगत राहीन. ते वचन त्यांनी दोन चिठ्ठ्यांवर लिहिलं. दोन्ही सारख्या गुंडाळल्या, सारख्या दोऱ्याने बांधल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. जगण्याचं वचन मिळालं की तिला बळ येईल आणि ती सुईला सामोरी जाईल, असा त्यांचा हिशोब होता. तेहतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला, आपण घातलेल्या प्रश्नाचं दुसरंही उत्तर येऊ शकतं, हे सुचलं नाही.

एक जानेवारीला सर डबा धरून वेदीपाशी उभे होते. रांग पुढे सरकत होती, लोक आपापली वचनं वाचत होते, कुणाला हसू येत होतं, कुणी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होतं. शेवटचा माणूस गेला. सर वळले, पाठमोरे होऊन डबा टेबलावर ठेवल्यासारखा केला आणि त्यातल्या दोन चिठ्ठ्या काढून खिशातल्या दोन टाकल्या. सगळं मिळून तीन श्वासांचं काम. डब्याचा पत्रा एकदा वाजला.

सुवार्ताबाई पुढे आल्या. त्यांनी डोळे मिटून हात घातला, दोरा सोडला आणि वाचलं. पहिल्यांदा हळू आणि दुसऱ्यांदा सबंध चर्चला ऐकू जाईल असं. मग त्या पदराने तोंड झाकून रडू लागल्या. वाचनाची बातमी गावभर झालेली होतीच. मंडळी उठून उभी राहिली, पेटी वाजू लागली आणि कुणीतरी उपकारस्तुतीचं गीत सुरू केलं. डब्यात उरलेली चिठ्ठी सरांनी न उघडता खिशात घातली. त्यांचं वचन काय निघालं, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. दुपारी पाणी तापवायच्या बंबात त्यांनी डब्यातून काढलेल्या त्या दोन खऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. न वाचता. वाचायचं धैर्य झालं नाही.

जेवताना सुवार्ताबाई म्हणाल्या, “नसीमाला सांगून टाका, पुण्याला कळवून दे म्हणावं. माझी लस करू नका.”

सरांच्या हातातला घास हातातच राहिला.

जानेवारी असा गेला की सर रोज एक नवा युक्तिवाद घेऊन उठत आणि रोज हरत. सत्त्याण्णव म्हणजे किती, हे त्यांनी हरभऱ्याचे दाणे मांडून दाखवलं. सुवार्ताबाईंनी त्यातले तीन दाणे उचलून तोंडात टाकले आणि म्हणाल्या, हे तीन पण कुणीतरी असतातच ना. सरांनी पेशीचं चित्र काढलं. चित्र छान आहे, असं त्या म्हणाल्या. एकदा मात्र त्या गंभीर झाल्या.

“अहो, एक सांगा. ती गाठ तुम्ही पाहिलीत?”

“गाठ नाहीच आहे अजून.”

“नसीमानं पाहिली?”

“नाही.”

“यंत्रानं?”

“यंत्रानं खुणा पाहिल्या.”

“म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीवर तुम्ही खुणेवरून विश्वास ठेवताय. मी पण तेच करतेय. तुमची खूण यंत्राची, माझी प्रभूची. आता यात शहाणं कोण, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही सर आहात.”

यावर उत्तर होतं. खूण खोटी आहे, हे उत्तर होतं. सर ते गिळून अंगणात गेले.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सुवार्ताबाईंनी चर्चमध्ये साक्ष दिली. चांगली दिली. त्या बोलायला उभ्या राहिल्या की मंडळी मागे टेकून बसत नसे. साक्ष संपल्यावर महिला मंडळातल्या दोन बायका त्यांच्या गळ्यात पडल्या. त्या दोघींचीही वाचनं वाईट आली होती आणि त्याच आठवड्यात दोघींनी नसीमाला कळवलं, की आम्हीही थांबतो, आमचीही वचनं चांगली आहेत. सरांना ती वचनं पाठ होती. त्यांनीच लिहिली होती. त्यांनी कडक वचनं डब्यात कधी घातलीच नव्हती. शाप, शिक्षा, धुळीला मिळणं, हे सगळं ते दरवर्षी गाळत आले होते. एकशे सेहेचाळीस माणसांत वाईट वचन निघणार तरी कुणाला?

हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पाळकसाहेबांकडे गेले. रेव्हरंड प्रभाकर ओहोळ व्हरांड्यात बसून पेटीच्या भात्याला कातड्याचं ठिगळ चिकटवत होते. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ओहोळांनी ठिगळावर अंगठा दाबून धरला होता, तो तसाच ठेवून त्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, की सर कडक वचनं गाळतात हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं आणि त्यांना ते बरंच वाटलं होतं. आणि मग त्यांनी सरांना एक वाट दाखवली.

“जुन्या करारातही लोक चिठ्ठ्या टाकतच होते, सर. हात माणसाचाच असायचा. प्रभूला तिला तेच वचन द्यायचं असेल आणि तुमचा हात त्यानं वापरला असेल, तर? तुम्ही आज जाऊन तिचा विश्वास मोडणार आणि उद्या कळणार, की ती शंभरातल्या त्या तिघांतलीच होती.”

पाळकसाहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. सर घरी आले ते हलके होऊन. आपण मोठे पापी नसून लहानसं साधन आहोत, या विचाराने त्यांना चार दिवस गाढ झोप लागली. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की ही झोप आपल्याला फार सोयीची आहे. पण लक्षात येणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. फेब्रुवारी संपला.

मार्चच्या दोन तारखेला ते उपकेंद्रात गेले. लस आली होती. सुवार्ताबाईंनी नको म्हटलं होतं, पण नसीमाने पुण्याला कळवलंच नव्हतं. दहा तारखेपर्यंत मी काही कळवणार नाही, असं ती म्हणाली. तिने छोट्या शीतपेटीतली कुपी दाखवली. कुपीवर नाव होतं: सुवार्ता शांतवन रणभिसे. दुसऱ्या कुणाच्याही अंगात ती निरुपयोगी होती. आठ दिवसांनी ती फेकून द्यावी लागणार होती.

सर म्हणाले, तू तिला शंभर टक्के का नाही सांगितलंस? सत्त्याण्णवच्या जागी शंभर म्हणाली असतीस, तर ती घाबरली असती, गेली असती.

नसीमा हसली. “सर, तुम्ही विचारताय हे? नववीत हरभरे पेरले होते आपण. वीस. माझे तेरा उगवले आणि मी वहीत अठरा लिहिले, कारण पुस्तकात तसं होतं. तुम्ही पान फाडलंत.”

सरांना आठवत नव्हतं.

“तुम्ही म्हणालात, ही कुंडी तू लिहिली नाहीस, मी लिहिली नाही. ज्यानं लिहिली त्याच्या अक्षरात आपलं अक्षर मिसळायचं नाही. तेरा तर तेरा. मी रडत घरी गेले होते. अब्बांना सांगितलं, तर ते म्हणाले, मास्तर बरोबर बोलले. तेव्हापासून जे येतं तेच सांगते. कमी नाही, जास्त नाही.”

सर खुर्चीवरून उठले आणि निरोप न घेताच निघाले. रस्त्यात त्यांना दोघंतिघं भेटले, नमस्कार झाले, ते कळलं नाही. कुंडीच्या बाबतीत एका चौदा वर्षांच्या मुलीचं पान फाडलं आणि वचनाच्या बाबतीत आपण काय केलं? यंत्राच्या आकड्याला स्वतः हात लावायची आपली छाती झाली नसती. शास्त्राला मात्र लावला, कारण ते आपलंच वाटतं, घरचं वाटतं. कुणी तपासणार नाही असं वाटतं. मग आपण मानतो तरी कशाला? तोवर घर आलं.

सुवार्ताबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. जुन्या पातळावर पांढऱ्या चकल्यांच्या रांगा होत्या, सोऱ्या हातात होता, मनगटापर्यंत चीक. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले. त्यांनी चष्म्याच्या घरातून लाल दोरा बांधलेली चिठ्ठी काढली.

“माझं यंदाचं वचन,” ते म्हणाले. “उघडलं नव्हतं. तू उघड.”

“हात बघा माझे. वाचा की तुम्हीच.”

“नाही. तूच.”

त्यांच्या आवाजात काहीतरी असावं. सुवार्ताबाईंनी हात पदराला पुसले, दोरा सोडला. वाचलं. मग त्यांनी सरांकडे बघितलं नाही. चिठ्ठी उलटी केली, पुन्हा सुलटी केली, जणू मागे काही लिहिलेलं सापडेल.

“हे तर माझं आहे.”

“दोन्ही सारख्याच होत्या. तू कुठलीही उचलली असतीस तरी.” आणि सरांनी सांगितलं. कोटाचा खिसा, पाठमोरं होणं, बंब. काही गाळलं नाही.

खाली रस्त्यावरून विजेवरची एसटी आवाज न करता गेली. सुवार्ताबाईंनी चिठ्ठीची पुन्हा गुंडाळी केली. त्या रागावतील, रडतील, घाबरतील, असं सरांना वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

“मग माझं कुठलं होतं?”

“काय?”

“डब्यात जे खरं होतं. माझं. काय लिहिलं होतं त्यावर?”

“मी वाचलं नाही. जाळलं.”

“दोन महिने मी दुसऱ्याच्या पत्रावर जगले,” त्या म्हणाल्या. “आणि माझं तुम्ही वाचायच्या आधीच जाळलंत.” त्यांनी सोऱ्या उचलला आणि राहिलेला चीक संपेपर्यंत कुरडया घातल्या. शेवटच्या दोन रांगा वाकड्या आल्या.

तीन दिवस त्या सरांशी बोलल्या नाहीत. जेवण वेळेवर येत होतं, त्यामुळे अबोला जास्त टोचत होता. त्या सकाळी सज्जात बसत, मांडीवर शास्त्र घेत आणि वाचत. एखादं वचन शोधून पुस्तक मिटत नव्हत्या. पहिल्या पानापासून, न थांबता, बोट ठेवून, पानंच्या पानं. सर आतून बघत. नऊ तारीख जवळ येत होती आणि आता त्यांच्या हातात काहीच नव्हतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. असं रिकामं होणं त्यांना नवं होतं.

शनिवारी संध्याकाळी सुवार्ताबाईंनी पुस्तक मिटलं. “उद्या मी चर्चमध्ये बोलणार आहे,” त्या म्हणाल्या. “मी साक्ष दिलीय, ती मलाच परत घ्यायला पाहिजे. तुम्ही यायचं का घरी बसायचं, ते तुमचं तुम्ही बघा.”

सर गेले. सुवार्ताबाई उभ्या राहिल्या, तेव्हा ते पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होते. सुवार्ताबाईंनी आधी चिठ्ठ्यांचं सांगितलं, नाव घेऊन, आवाज न चढवता. दीडशे माना वळल्या. सर उठून उभे राहिले. काही बोलायचं म्हणून नव्हे. आपल्याबद्दल बोललं जात असताना बसून राहावंसं वाटेना. पुढच्या बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

“आता पुढचं ऐका,” सुवार्ताबाई म्हणाल्या. “हिज्कीया राजा आजारी पडला. प्रभूनं त्याला यशयाच्या तोंडून सांगितलं, तुला आणखी पंधरा वर्षं देतो. हे आपण सगळे सांगतो. लहानपणापासून मी पण सांगत आले. पण त्याच पानावर पुढं आहे, की यशयानं अंजिराची चकती आणायला लावली आणि त्याच्या गळवावर बांधली. तेवढं आपण सोडून देतो. अकरा वेळा वाचलं, पण माझं बोट तिथं कधी थांबलंच नाही. पंधरा वर्षांचं वचन असलेल्या राजाला अंजीर बांधावं लागलं. माझ्याकडं तर वचनही नाही. माझ्याकडं माझ्या नवऱ्याचं अक्षर आहे.”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

“मी उद्या नगरला जातेय,” त्या म्हणाल्या आणि महिला मंडळातल्या त्या दोघींकडे बघून, “गाडीत जागा आहे,” एवढं म्हणून बसल्या. ओहोळ पाळकांनी डोळे मिटले होते. प्रार्थना करत होते की तोंड लपवत होते, कोण जाणे. पण त्यांनी उपासनेच्या शेवटी त्या पानाचा सगळा अध्याय वाचला, अंजिरासकट.

पहिली सुई आठ मार्चला लागली. मुदतीला एक दिवस होता. गाडीत तिघी होत्या, नसीमा पुढे शीतपेटी घेऊन आणि सर मागच्या सीटवर पाण्याची बाटली मांडीवर धरून. ताप आला, सांधे दुखले. सुवार्ताबाईंनी सहाही वेळा यंत्राला, पुण्याला आणि सरांना मनसोक्त नावं ठेवली. ऑगस्टमध्ये पुन्हा वाचन झालं. बदललेल्या खुणा सापडल्या नाहीत. नसीमाने पेढा दिला आणि आलं तेच सांगितलं: आता काही नाही. लशीने गेलं, की काकू मुळातच त्या तिघांतल्या होत्या, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

सरांना त्याचं वाईट वाटलं. इतकं सगळं करून शेवटी न कळणंच हाती राहिलं. सुवार्ताबाईंना काही वाटलं नाही. “हिज्कीयाला तरी कुठं कळलं,” त्या म्हणाल्या, “अंजिरानं बरं वाटलं का वचनानं?”

डिसेंबर आला तसा डबा घरी आला, पण तो सरांच्या टेबलावर ठेवला गेला नाही. चिठ्ठ्या या वर्षी सुवार्ताबाई लिहिणार, असं मंडळीने ठरवलं होतं. त्यांचं अक्षर कोंबड्याने पाय ओढल्यासारखं होतं. सर खोलीत आले, की त्या कागदावर आडवा हात ठेवत.

नव्या वर्षाच्या सकाळी डबा सुवार्ताबाईंनी धरला. रांग लागली आणि पहिल्याच माणसाने चिठ्ठी उघडून गोंधळून वर बघितलं. चिठ्ठीवर वचन नव्हतं. नुसतं एका पुस्तकाचं नाव आणि अध्यायाचा आकडा होता. दुसऱ्याचंही तसंच. कुजबुज सुरू झाली. सुवार्ताबाईंनी स्पष्ट केलं, की घरी जायचं आणि सगळा अध्याय वाचायचा; गोड लागेल तोही आणि कडू लागेल तोही. शाप गाळलेले नाहीत. ज्यांना कडू निघेल त्यांनी माझ्याकडं यावं, चहा देईन.

लिहिणाऱ्याचं घर शेवटी. सर सगळ्यांच्या मागे उभे राहिले. डब्यात दोन चिठ्ठ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून एक उचलली आणि सगळ्यांच्या समोर उघडली. ईयोबाचा एक अध्याय होता, शेवटाकडचा. तिथे देव वादळातून बोलतो आणि माणसाला उत्तर देण्याऐवजी उलट त्यालाच विचारत सुटतो, बर्फाचं, पहाटेचं, सिंहिणीचं, कावळ्याच्या पिलांचं. जीवशास्त्राच्या सगळ्या धड्यांत मिळून नसतील इतके प्रश्न. सरांनी तो पूर्वी वाचला होता, पण घाईने, पुढच्या शांत पानांकडे जाण्यासाठी.

दुपारी जेवणं झाल्यावर सुवार्ताबाई भांडी आवरून ओट्याला टेकून बसल्या. त्यांनी पुस्तक उघडून सरांच्या पुढे सरकवलं. सर चष्मा पुसू लागले.

“मोठ्यानं वाचा,” त्या म्हणाल्या. “आणि मधलं काही गाळू नका.”